एका ग्रंथींतील दोन रोग



इतिहास म्हटला कीं गड-किल्ले, तहनामे आणि वंशावळी यांचीच आपणांस आठवण होते. आणि छत्तीस वर्षें वर्गांत मींही बहुतेक त्याच शिकविल्या. आज मात्र ज्या वादाचा इतिहास मी सांगणार आहें, त्याचें रणक्षेत्र आपल्या प्रत्येकाच्या गळ्यांत आहे. स्वरयंत्राच्या खालीं, श्वासनलिकेला बिलगून, पंख पसरलेल्या फुलपांखराच्या आकाराची, दीड-दोन तोळे वजनाची एक ग्रंथि असते. शास्त्रीय परिभाषेंत तिला अवटु ग्रंथि म्हणतात. घरोघर तिचें चालू नांव थायरॉइड. शरीराची शेगडी किती पेटती ठेवावयाची हें ती ठरविते. ती मंदावली तर माणूस थंड, जड आणि सुस्त होतो. भडकली तर छाती धडधडते, हात कांपतात आणि खाल्लेलें अन्न अंगीं लागत नाहीं.

मी वैद्य नाहीं. मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षणही झालेलें नाहीं. या वाटेला मी गेलों तो अगदीं घरगुती कारणानें. दोन वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या बहिणीच्या या ग्रंथीचा अर्धा भाग शस्त्रक्रियेनें काढावा लागला. काढलेल्या भागाच्या तपासणीचा कागद आला, त्यावर दोन ओळी महत्त्वाच्या होत्या. पहिलींत ‘पॅपिलरी कर्करोग, आठ मिलिमीटर’ असें होतें, आणि दुसरींत ‘हाशिमोतोचा दाह’. दुसरी ओळ आम्हांला नवी नव्हती. त्याच रोगासाठीं ती अकरा वर्षें रोज सकाळीं उपाशीं पोटीं एक गोळी घेत आली होती. कागद वाचून ती बराच वेळ गप्प बसली आणि मग मला म्हणाली, “दादा, म्हणजे अकरा वर्षें मीं घरांत सापाचें पिल्लूच पोसलें का?”

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. आणि प्रश्न तिच्यापुरता राहिलाही नाहीं. तिच्या मुलीचें रक्त तपासलें, तेव्हां तिच्यांतही आईच्याच पहिल्या रोगाच्या खुणा आढळल्या. एका डॉक्टरांनीं सल्ला दिला कीं, गांठ होण्याची वाट कशाला पाहतां? सबंध ग्रंथि आतांच काढून टाका, म्हणजे पुढचा घोर मिटला. पोरीचें वय तीस. घरांत दोन तट पडले. मीं एक महिन्याची मुदत मागून घेतली. जुनीं दप्तरें चाळण्याची मास्तराची खोड मला आहेच. म्हटलें, हे दोन रोग मायलेकी आहेत कीं नुसते शेजारी, हें निदान कोणीं, केव्हां आणि कशावरून म्हटलें तें तरी पाहूं.

गळ्याच्या सुजेचा विचार आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत अकराव्या अध्यायांत ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड या चार विकारांचें निदान एकत्र दिलें आहे. अर्बुद म्हणजे वाढत जाणारी मांसाची गांठ. दोघांना एका अध्यायांत जागा मिळाली, पण नांवें निराळीं ठेवलीं आणि लक्षणेंही निराळीं सांगितलीं. आपल्या आजच्या वादाची ही जणूं अगदीं पहिली बैठक. परंतु तिच्यावर अधिक इमारत चढविणें बरें नव्हे. सूक्ष्मदर्शक यंत्राखेरीज या वादाला तोंडच फुटण्यासारखें नव्हतें.

ग्रंथि काढून टाकणें ही गोष्ट आज सोपी वाटते. तिचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे, आणि भाचीच्या प्रश्नाशीं त्याचा थेट संबंध आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथें थिओडोर कोखर या नांवाचे मोठे शल्यवैद्य होते. डोंगराळ मुलखांत आयोडीनच्या अभावीं गलगंड घरोघर. कोखर यांच्या हाताला यशही असें कीं, जी शस्त्रक्रिया पूर्वीं प्राणावर बेते ती त्यांनीं जवळजवळ निर्धोक केली. परंतु ज्यांची सबंध ग्रंथि काढली अशा रोग्यांना त्यांनीं कांहीं वर्षांनीं परत बोलावून पाहिलें, तों त्यांतील पुष्कळांचे चेहरे सुजलेले, बुद्धि मंदावलेली, आणि मुलांची वाढ खुंटलेली आढळली. १८८३ सालीं कोखर यांनीं हें स्वतःच्याच हातून घडलेलें अनिष्ट जाहीर रीतीनें मांडलें. १९०९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, तें या ग्रंथीवरील कार्याबद्दल; पण मला त्यांची थोरवी वाटते ती १८८३ च्या कबुलीत. पुढें १८९१ सालीं इंग्लंडांत न्यूकॅसल येथें जॉर्ज मरे यांनीं मेंढीच्या ग्रंथीचा अर्क देऊन अशी एक रोगी स्त्री बरी केली, आणि ती त्यानंतर पावशतकाहून अधिक जगली. आजची ती सकाळची छोटीशी गोळी त्याच अर्काची वंशज. गोळी आहे म्हणून ग्रंथि गेल्यास माणूस जगतो हें खरें. पण ग्रंथीच्या मागेंच आवाजाची नस जाते आणि तिला चिकटून रक्तांतील कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार मुगाएवढ्या ग्रंथी असतात. निष्णात हातालाही त्या प्रत्येक वेळीं वाचवितां येतातच असें नाहीं.

आतां मूळ पुरुषाकडे वळूं. जपानमध्यें इगा प्रांतांतील एका वैद्यघराण्यांत १८८१ सालीं हाकारू हाशिमोतो यांचा जन्म झाला. क्यूशू बेटावरील फुकुओका येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्याच तुकडींतून १९०७ सालीं ते पदवीधर झाले आणि हायारी मियाके या शल्यवैद्यांच्या हाताखालीं काम करूं लागले. तेथें चार स्त्रियांच्या गळ्यांतून शस्त्रक्रियेनें काढलेले ग्रंथीचे तुकडे त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. चौघीही चाळिशी ओलांडलेल्या. ग्रंथीच्या मूळच्या पेशी झिजलेल्या, मधें तंतूंचें जाळें वाढलेलें, आणि सर्वत्र लसीकापेशींची, म्हणजे रोगाशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, अशी दाटी कीं जागोजाग त्यांचीं स्वतंत्र ठाणींच वसलेलीं. शत्रु मात्र कोठेंच नाहीं: ना क्षयाचे जंतु, ना पू. हाशिमोतो यांनीं हें सारें चित्रांसह, जर्मन भाषेंत, १९१२ सालीं एका जर्मन शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केलें आणि या विकाराला ‘लसीकापेशींनीं भरलेला गलगंड’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें एकतीस होतें.

पुढें ते अधिक अध्ययनासाठीं जर्मनींत गेले. पहिलें महायुद्ध पेटलें आणि त्यांना माघारें यावें लागलें. मायदेशीं परतल्यावर त्यांनीं वडिलोपार्जित गांवींच दवाखाना चालविला, आणि १९३४ च्या जानेवारींत विषमज्वरानें त्यांचा अंत झाला. त्यांचा निबंध फारसा कोणीं वाचला नव्हता. ज्यांनीं वाचला, त्यांतील कित्येकांना वाटलें कीं, रीडेल यांनीं १८९६ सालीं वर्णिलेला जो लोखंडासारखा कठीण गलगंड, त्याचीच ही पहिली पायरी असावी. क्लीव्हलंड येथील ग्रॅहॅम आणि मॅक्युला यांनीं १९३१ सालीं हे दोन विकार वेगळे असल्याचें दाखवून जपानी वैद्याचा मान त्याला परत दिला. हा लेख निघाला तेव्हां हाशिमोतो जिवंत होते. पुढें १९३९ सालीं लंडनचे सेसिल जॉल यांनीं त्या रोगावर विस्तारानें लिहिल्यावर नांव कायमचें रूढ झालें.

येथपर्यंत कर्करोगाचें नांवही निघालेलें नाहीं, हें आपल्या लक्षांत आलें असेल. निघालें तें असें. शल्यवैद्याच्या हाताला हाशिमोतोची ग्रंथि टणक लागे. टणक गांठ म्हणजे संशय. म्हणून ती कापून काढीत. काढलेल्या ग्रंथींच्या कांचपट्ट्या पुनः पाहतां पाहतां कांहींत पॅपिलरी कर्करोगाचे कण दिसूं लागले. १९५५ सालीं डेली, लिंडसे व स्केहेन या तीन अमेरिकन लेखकांनीं या दोहोंचा संबंध असावा असें प्रथमच उघडपणें मांडलें. तो काळच अशा शंकेला अनुकूल होता. जेथें दीर्घकाळ दाह तेथें कर्करोग, हें मत विर्खो यांनीं १८६३ सालीं मांडून ठेवलेलें होतें, आणि यकृत, जठर इत्यादि अवयवांच्या बाबतींत त्यांत बरेंच तथ्य असल्याचें पुढें ठरलेंही. शिवाय १९५० सालीं डफी व फिट्झजेरल्ड यांनीं दाखविलें होतें कीं, या ग्रंथीचा कर्करोग झालेल्या मुलांपैकीं बऱ्याच जणांच्या छातीवर तान्हेपणीं क्ष-किरण सोडलेले होते. ग्रंथीला कर्करोग होण्याचीं कारणें शोधण्याची अशी दृष्टि आलेली असतां शेजारीं बसलेल्या दाहाकडे बोट जाणें स्वाभाविक होतें.

मौज अशी कीं, या संशयिताची खरी ओळख त्यानंतर एका वर्षानें पटली. १९५६ हें साल या शास्त्रांतलें पानिपताएवढें मोठें साल म्हणावें लागेल. मात्र येथें हरलें तें एक जुनें मत. पॉल एर्लिख यांच्यासारख्या आचार्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं सांगून ठेविलें होतें कीं, शरीराला स्वतःवर शस्त्र धरण्याचें निसर्गतःच वावडें असतें. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांत आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक, पीटर कँपबेल आणि शल्यवैद्य हडसन यांनीं हाशिमोतोच्या रोग्यांचा रक्तद्रव आणि मानवी थायरॉइडचा अर्क समोरासमोर आणला, तों त्यांचा पांढुरका साका बनला. म्हणजे या रोग्यांच्या रक्तांत स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडें होतीं. त्याच वर्षीं अमेरिकेंत बफेलो येथें नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनीं सशाच्याच ग्रंथीचा अर्क सशांना टोचून तसाच दाह निर्माण करून दाखविला. विटेब्स्की हे एर्लिख यांच्याच परंपरेंत वाढलेले. गुरुवचन खोडण्याआधीं त्यांनीं प्रयोग पुनःपुनः करून पाहिले असल्यास नवल नाहीं. आणि तिकडे न्यूझीलंडांत डनीडन येथें ॲडम्स व पर्व्हस यांनीं याच वर्षीं ग्रेव्हज् रोग्यांच्या रक्तांत ग्रंथीला अखंड चाबूक मारणारा एक पदार्थ दाखविला. तोही पुढें प्रतिपिंडच ठरला. शत्रु दिसत नव्हता याचें कारण शत्रु नव्हताच. पहारेकऱ्यांनींच मालकाचें घर लुटावयास घेतलें होतें. अशा रोगांना आतां स्वयंप्रतिरक्षा रोग म्हणतात.

या शोधानें कर्करोगाचा वाद सोडविला असें मात्र नाहीं; उलट तो अधिक गुंतला. लसीकापेशी कर्करोगाच्या गांठीभोंवतींही गोळा होतात, कारण गांठ ही शरीराला परकी वाटते. तेव्हां एका कांचपट्टीवर दोन्ही दिसल्या, तर आग लागली म्हणून बंब आले कीं बंब आले म्हणून आग लागली, हें सांगावें कसें? शिवाय हे दोन्ही रोग पुरुषांपेक्षां स्त्रियांत कितीतरी पटींनीं अधिक. ज्या घरीं दोघेही वारंवार जातात, त्या घरीं त्यांची गांठ पडावयाचीच; तेवढ्यावरून त्यांचें नातें जुळवूं नये. कोणी लिही, संबंध मोठा आहे; कोणी लिही, मुळींच नाहीं. क्लीव्हलंडचे धाकटे जॉर्ज क्राइल हे अनावश्यक मोठ्या शस्त्रक्रियांविरुद्ध आयुष्यभर झगडलेले शल्यवैद्य. हाशिमोतोची ग्रंथि कर्करोगाच्या भीतीनें कापण्यास त्यांचा विरोध असे. इतर शल्यगृहांतून मात्र उलट आकडे येत राहिले.

अर्धशतक हा घोळ कां चालला, याचें उत्तर मला एका २०१३ सालच्या समालोचनांत मिळालें, आणि इतिहासाचा शिक्षक म्हणून मला तें वाचून हंसूं आलें. यांकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं मागील अभ्यासांचे दोन ढीग केले. पहिल्या ढिगांत, हाशिमोतो असलेल्या लोकांच्या ग्रंथींतून बारीक सुईनें पेशी काढून तपासल्याचे आठ अभ्यास होते. एकंदर नमुने १८,०२३. त्यांत पॅपिलरी कर्करोगाचें सरासरी प्रमाण शेंकडा १.२० निघालें. दुसऱ्या ढिगांत कापून काढलेल्या ग्रंथींचे आठ अभ्यास, नमुने ९,८८४. तेथें तेंच प्रमाण शेंकडा २७.५६! रोग तोच, ग्रंथि तीच, आणि फरक वीस पटींहून अधिक.

हें कसें झालें? समजा, एखाद्या गांवाचा इतिहास मीं केवळ तेथील न्यायालयाच्या दप्तरावरून लिहिला. तर त्या गांवांत चारांतला एक माणूस भांडखोर आहे असेंच मला म्हणावें लागेल. जे सुखानें नांदले त्यांचा कागदच न्यायालयांत गेला नाहीं. ज्या हाशिमोतो रोग्याची ग्रंथि कापली गेली, ती बहुधा तींत संशयास्पद गांठ होती म्हणूनच. लाखों लोक गोळी घेऊन आपापलें काम करीत असतात. त्यांची ग्रंथि कोणत्याही कांचपट्टीवर चढत नाहीं. सुईच्या अभ्यासालाही दोष आहे, कारण कांहीं बारीक कर्करोग सुईच्या टोकांतून निसटतात, हें समालोचनकारांनींही मान्य केलें आहे. तरीही खरें प्रमाण पहिल्या ढिगाच्या जवळपास असेल, दुसऱ्याच्या नव्हे, असें मला वाटतें.

या दप्तरांत आणखी एक पान असें सांपडलें कीं त्यानें मी थक्क झालों. १९८५ सालीं फिनलंडमध्यें हारक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अन्य कारणांनीं वारलेल्या १०१ माणसांच्या ग्रंथी शवविच्छेदनानंतर बारीक काप घेऊन तपासल्या. त्यांपैकीं ३६ जणांत पॅपिलरी कर्करोग निघाला! त्यांतील बहुतेक कण मोहरीएवढेही नव्हते. जन्मभर त्यांनीं कोणाला त्रास दिला नव्हता. ज्यांचा असा कण निरुपद्रवी असतो, त्यांच्या ग्रंथींत अधिक बारकाईनें पाहिल्यास अधिक कर्करोग सांपडणारच. आणि बारकाईनें कोणाच्या गळ्यांत पाहतात? ज्याला आधींच थायरॉइडचा कांहीं रोग आहे त्याच्या. माझ्या बहिणीची गांठ दिसली, ती तिची वार्षिक सोनोग्राफी होत होती म्हणून.

दक्षिण कोरियाचा अनुभव तर याहून मोठ्या प्रमाणावरचा. १९९९ सालीं तेथें कर्करोगांच्या सार्वत्रिक तपासणीची राष्ट्रीय योजना सुरू झाली. थायरॉइड त्या यादींत नव्हता. पण दवाखान्यांतून थोडक्या पैशांत गळ्याची सोनोग्राफीही होऊं लागली. २०११ सालीं या कर्करोगाचें निदान १९९३ च्या पंधरा पट झालें होतें. त्यामुळें मरणाऱ्यांची संख्या मात्र जवळजवळ होती तेवढीच राहिली. ज्यांच्या ग्रंथी कापल्या गेल्या त्यांतील बहुतेकांना जन्मभर गोळी लागली. कांहींचा आवाज गेला, कांहींचें कॅल्शियम ढासळलें. २०१४ सालीं तेथील डॉक्टरांनींच जाहीर पत्रक काढून ही सरसकट तपासणी थांबविण्याची विनंति केली, आणि शस्त्रक्रिया झपाट्यानें कमी झाल्या. याच्या कितीतरी आधीं, १९९३ सालीं, जपानांतच कोबे शहरीं कुमा रुग्णालयांत अकिरा मियाउची यांच्या सूचनेवरून एक धाडसी प्रयोग सुरू झाला होता. एक सेंटिमीटरपर्यंतचा पॅपिलरी कर्करोग, जोखमीच्या जागीं नसेल तर, लगेच न कापतां नुसता पाहत राहावयाचा. बहुतेक गांठी वर्षानुवर्षें तशाच राहिल्या. ज्या थोड्या वाढल्या त्यांची शस्त्रक्रिया नंतर केली तरी चाललें.

तर मग नातें मुळींच नाहीं काय? आहे, पण ज्या कर्करोगाबद्दल ओरड झाली त्याच्याशीं नव्हे, दुसऱ्याच एकाशीं. हाशिमोतो यांनीं लसीकापेशींचीं ठाणीं वसलेलीं पाहिलीं होतीं. कधींकाळीं त्या ठाण्यांतीलच एखादी पेशी मोकाट सुटते आणि लिंफोमा नांवाचा कर्करोग होतो. तो ग्रंथीच्या मूळच्या पेशींचा नसून वसाहत करून राहिलेल्या पहारेकऱ्यांचा असतो. १९८५ सालीं स्वीडनमधील होल्म आणि सहकाऱ्यांनीं अशा दाहाचे ८२९ रोगी दीर्घकाळ पाहिले. ग्रंथीच्या लिंफोम्याचा धोका त्यांच्यांत सर्वसामान्यांच्या ६७ पट निघाला. जपानमधूनही त्याच वर्षीं याला दुजोरा मिळाला. हा आकडा ऐकून कोणीं घाबरूं नये. मूळ रोगच इतका विरळा कीं सदुसष्ट पट होऊनही तो विरळाच राहतो. हाशिमोतो असणाऱ्या बहुसंख्य लोकांना तो कधींच होत नाहीं. वयस्क माणसाची जुनी ग्रंथि कांहीं आठवड्यांत एकाएकीं मोठी होऊं लागली, घांस अडकूं लागला, आवाज बसला, तर मात्र एक दिवसही दवडूं नये.

पॅपिलरी कर्करोगाच्या बाबतींत उलट एक अनपेक्षित चांगली गोष्ट कळली, आणि ती पुनः क्यूशू बेटावरूनच. १९९८ सालीं काशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पॅपिलरी कर्करोगाच्या १,५३३ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्यांच्या ग्रंथींत जोडीला जुनाट दाह होता, त्यांत कर्करोगानें मरण शेंकडा ०.७, ज्यांत दाह नव्हता, त्यांत शेंकडा ५. दहा वर्षें रोग परत न आलेल्यांचें प्रमाण पहिल्यांत शेंकडा ९५, दुसऱ्यांत ८५. ग्रंथीच्या पेशींवर तुटून पडणारे ते वेडे पहारेकरी त्याच जातीच्या कर्कपेशींनाही सोडीत नसावेत, असा याचा एक अर्थ लावतात. दुसरा अर्थ मला तितकाच संभवनीय दिसतो: अशा रोग्यांचा गळा वारंवार तपासला जातो, म्हणून गांठ लहान असतांनाच हातीं लागते. बहुधा दोन्ही थोडे थोडे खरे असावेत. शरीराच्या पहाऱ्याचा लगाम सोडून कर्करोगावर घालतां येतें, हें दाखविल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि क्योतोचे तासुकू होंजो यांना २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आणि त्या औषधांचा एक नेहमीचा दुष्परिणाम कोणता, तर थायरॉइडचा दाह. हे दोन धागे एकमेकांत गुंतलेले आहेत खरे, पण सापाच्या पिल्लाच्या रीतीनें नव्हेत.

ग्रेव्हज् रोगाविषयीं दोन शब्द पुरे. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज् यांनीं १८३५ सालीं वर्णिलेला हा रोग स्वयंप्रतिरक्षेचाच, पण उलट्या दिशेचा; ग्रंथि झिजण्याऐवजीं भडकते. त्याच्या जोडीला कर्करोग क्वचितच आढळतो असें पूर्वींचे आचार्य सांगत. १९९० सालीं सिसिलींतील कातानिया येथून बेल्फिओरे आदींनीं लिहिलें कीं, अशा रोग्यांत कर्करोग झाल्यास तो अधिक आक्रमक असूं शकतो. सर्वांना हें पटलेलें नाहीं.

वाद पूर्ण मिटला आहे असें म्हणून मी आपली फसवणूक करणार नाहीं. थोडासा संबंध दाखविणारे अभ्यास अजूनही निघतात. एक कारण असें देतात कीं, ग्रंथि मंदावली म्हणजे मस्तकांतील पीयूष ग्रंथि टीएसएच नांवाचा स्राव वाढवून तिला टोंचणी देते, आणि ही टोंचणी कर्कपेशींनाही खत ठरूं शकते. बर्मिंगहॅमहून २००६ सालीं आलेल्या अभ्यासांत टीएसएच जितका जास्त, तितकी गांठ कर्करोगाची निघण्याची शक्यता जास्त आढळली होती. हें खरें असेल, तर त्यावर इलाज ग्रंथि कापणें हा नसून गोळी वेळच्या वेळीं घेणें हा ठरतो. आणि माझी बहीण अकरा वर्षें तेंच करीत आली होती. दुसऱ्या कांहींनीं दोन्ही रोगांत एकच जनुकीय बिघाड दिसतो असें १९९७ च्या सुमारास लिहिलें. अधिक काटेकोर तपासण्यांत तो तसा टिकला नाहीं.

महिना संपल्यावर हे सगळे कागद घेऊन आम्ही दुसऱ्या एका वयोवृद्ध डॉक्टरांकडे गेलों. मास्तरानें आणलेलीं टिपणें पाहून ते हंसले, पण त्यांनीं तीं वाचलीं. मग भाचीच्या गळ्यावरून हात फिरविला, सोनोग्राफीची तसबीर उजेडांत धरली आणि म्हणाले, “हिच्या ग्रंथींत गांठ नाहीं. जी गांठ नाहीं तिच्यासाठीं मी गळा कापणार नाहीं. पुढें कधीं गांठ निघालीच, तर तिच्याकडे इतर कोणाच्याही गांठीकडे पाहावें तसेंच पाहूं. आईचा कागद तेव्हां विसरणार नाहीं.” घरांतले दोन तट त्या दिवशीं मोडले. माझ्या मेहुण्यांचें समाधान अजून पुरतें झालेलें नाहीं. ते दर दिवाळीला तो विषय काढतात.

भाचीची ग्रंथि जागेवर आहे. गेल्या महिन्यांत तिच्या गोळीची मात्रा पंचवीस मायक्रोग्रॅमनें वाढविली, एवढेंच. बहिणीची उरलेली अर्धी ग्रंथि वर्षांतून एकदां पाहतात. तींत नवें कांहीं नाहीं. सकाळीं सहा वाजतां दोघी मायलेकी, एक पुण्यास आणि एक नागपुरास, गोळी घेतल्याचा एकमेकींना फोन करतात आणि मग अर्धा तास चहाची वाट पाहत बसतात. बहीण आतां आपल्या रोगाला सापाचें पिल्लू म्हणत नाहीं. ‘आमचा जपानी भाडेकरी’ म्हणते. भाडें देत नाहीं, पण निघतही नाहीं.